तिप्पट फीचा डावा पाय

व्हर्लिन स्टोल्ट्झ गेली एकतीस वर्षं आमच्या ड्रेपर काउंटीचा वजनमाप निरीक्षक आहे. ओहायोच्या या कोपऱ्यात पेट्रोलपंपापासून डुकरांच्या लिलावातल्या काट्यापर्यंत जे जे म्हणून आकडा दाखवतं, त्यावर त्याने चिकटवलेला नारिंगी शिक्का असतो. काटा खोटा निघाला तर त्याला लाल पट्टी बांधली जाते, आणि मग त्या दुकानदाराशी लोक चर्चमध्ये हवापाण्याच्या पलीकडे बोलत नाहीत.

व्हर्लिन स्वतःही फारसं बोलत नाही. दुकानात बटाट्याचं सॅलड घेताना मात्र तो एक प्रश्न हमखास विचारतो, "रिकाम्या डब्याचं वजन आधी वजा केलंस का?" काउंटरवरची मुलगी दर वेळी हो म्हणते आणि तो दर वेळी पुन्हा करायला लावतो. डब्याचं वजन अर्धा औंस भरतं. एकतीस वर्षांत या प्रश्नामुळे काउंटीचे किती डॉलर वाचले याचा हिशेब त्याच्याकडे आहे. तो कुणी मागत नाही.

अशा माणसाच्या मुलीने, कोरिनने, व्यायामशास्त्राची पदवी घ्यायचं ठरवलं. शाळेच्या फुटबॉल संघातल्या पोरांचे घोटे खेळाआधी ती दोन वर्षं पट्टीने बांधत होती आणि हे काम जन्मभर करायला आवडेल असं तिला वाटत होतं. दोन कॉलेजांनी तिला घेतलं. टेकडीवरच्या खासगी कॉलेजात शिष्यवृत्ती वजा जाता वर्षाला अडतीस हजार डॉलर पडणार होते. हायवेलगतच्या सरकारी विद्यापीठात, घरून जाऊन-येऊन, तेरा हजार. दोन्हीकडे चार वर्षं, दोन्हीकडे पदवीचं नाव तेच. फक्त टेकडीवर पाण्याच्या टाकीत बसवलेला ट्रेडमिल होता. कोरिनने तो काचेतून पाहिला होता आणि तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

एक मेपर्यंत दोनपैकी एका ठिकाणी जागेची अनामत भरायची असते. मार्चच्या मध्यावर व्हर्लिनने दोन्ही माहितीपुस्तकं टेबलावर ठेवली.

"तिप्पट पैसे," तो म्हणाला. "म्हणजे माल तिप्पट पाहिजे."

"बाबा, शिक्षण काय बटाट्याचं सॅलड आहे?"

"सॅलड निदान वजन करून देतात."

गावातल्या जिममध्ये दोन ट्रेनर होते. टेकडीवरून पदवी घेतलेला ब्रँट आणि हायवेवरून घेतलेली इडालिया रेयना. दोघांना तासाला सतरा डॉलर मिळत. दुसरा कुणी असता तर इथेच माहितीपुस्तकं मिटली असती. पण पगार ही मालकाने लावलेली किंमत, ते काही वजन नव्हे, असं व्हर्लिनचं मत पडलं. त्याने स्वतःचा डावा पाय व्यायामासाठी ब्रँटला दिला आणि उजवा इडालियाला. सहा आठवड्यांनी दोन्ही पायांची ताकद काट्यावर मोजायची. ब्रँटचा पाय तिप्पट भरला तर टेकडीच्या कर्जावर सही, नाहीतर हायवे.

"तिप्पट पाय झाला तर पँट कोण शिवणार?" त्याची बायको बर्नडीन म्हणाली.

कोरिनने घासाघीस करून अट खाली आणली. डावा पाय नुसता पुढे निघाला तरी टेकडी.

पहिल्या दिवशी दोघा ट्रेनरांनी व्हर्लिनपुढे एकेक छापील फॉर्म धरला. व्हर्लिनने ते न वाचता घडी करून खिशात घातले. "मोजमाप माझ्याकडे," तो म्हणाला. "तुम्ही व्यायामाचं बघा."

मग आमच्या गावाने जे पाहिलं ते या जिमने पूर्वी पाहिलं नव्हतं. सोमवार-गुरुवार डावा पाय, मंगळवार-शुक्रवार उजवा. एकाच्या दिवशी दुसरा पाय स्टुलावर विश्रांती घेई. काही दिवसांतच दोघे ट्रेनर ज्याच्या-त्याच्या पायाची बाजू घ्यायला लागले.

"तुझ्या पायाला शिस्त नाही," ब्रँट इडालियाला म्हणे.

"माझा पाय जिने चढतो रे. तुझा नुसता फोटोत चांगला दिसतो."

"माझ्या पायामागे संशोधन आहे!"

"तुझ्या पायामागे कर्ज आहे, भाऊ. आईवडिलांच्या तळघरात राहतोस ना अजून?"

ब्रँटने डाव्या पायावर दहा पौंड वाढवले.

पोटाकडे कुणी पाहत नव्हतं. ते कोणत्याच कॉलेजच्या वाट्याला आलं नव्हतं.

एप्रिल लागला तसा व्हर्लिन चालताना उजवीकडे झुकायला लागला. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं. तिथे तो ताट घेऊन सरळ आपल्या बाकाकडे निघाला आणि गोड पदार्थांच्या टेबलापाशी पोहोचला. लोकांना वाटलं गोडाची घाई झाली असेल. तो दुसऱ्यांदा निघाला आणि पुन्हा तिथेच पोहोचला. तिसऱ्या वेळी बर्नडीनने त्याचा दंड धरून त्याला आणून बसवलं. "जरा वळून चालत जा," ती म्हणाली, "म्हणजे सरळ जाशील." हॉलमध्ये त्या दिवशी डाव्या पायावर जास्त पैजा लागल्या. महागाच्या वस्तूवर आमच्या लोकांचा विश्वास आहे.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, लिलाव आटोपल्यावर, डुकरांच्या बाजारात मोजणी झाली. व्हर्लिनने शिक्का मारलेला टांगता काटा एका खांबाला आडवा बांधला, खुर्चीत बसून घोट्याला पट्टा लावला आणि पाय पुढे ताणला. त्याआधी प्रमाणित वजनं टांगून काटा दोनदा तपासला होता. मग प्रत्येक पायाची तीन वेळा मोजणी. उजवा, एकशे नऊ पौंड. डावा, एकशे अठरा.

ब्रँटने दोन्ही हात वर केले. व्हर्लिनने खिशातून कर्जाचा कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. त्याचा चेहरा पडला होता, पण आकडा म्हणजे आकडा.

कोरिनचं स्वप्न तिच्यापासून एका सहीवर होतं. ती खाली बघत उभी होती. मग म्हणाली, "बाबा, थांब. आधी किती होते?"

"काय आधी?"

"पाय. मार्चमध्ये. रिकाम्या डब्याचं वजन."

बाजारात एक डुक्कर तेवढं ओरडलं.

"सॉफ्टबॉल खेळताना तुझा उजवा गुडघा गेला होता. तेव्हापासून ट्रकची पायरी तू डाव्या पायाने चढतोस, हातात पन्नास पौंडांचं वजन घेऊन. डावा आधीपासूनच जास्त भरत असणार."

व्हर्लिनने आपल्या डाव्या पायाकडे खोटा निघालेल्या काट्याकडे बघावं तसं पाहिलं. मग खिशातून लाल पट्टी काढून त्याने ती स्वतःच्या घोट्याला बांधली.

"गप्प बसली असतीस तर मिळालं असतं," तो म्हणाला.

"मिळालं असतं. मग चार वर्षं तुझ्याशी हवापाण्यावर बोलावं लागलं असतं." तिने दोन कागद पुढे केले. धुवायच्या पँटच्या खिशात तिला सापडलेले ते फॉर्म. "हे काल रात्री वाचले. एक ब्रँटचा, एक इडालियाचा. पहिला प्रश्न बघ."

दोन्हीवर पहिला प्रश्न एकच होता. व्यायाम सुरू करण्याआधी ताकद किती, दोन्ही पायांची वेगवेगळी. दोन्हींवर उत्तराची जागा कोरी होती.

"पहिल्याच सत्रात शिकवतात हे," इडालिया म्हणाली.

"आमच्याकडेही," ब्रँट म्हणाला. जरा हळू म्हणाला.

"हा प्रश्न तेरा हजारांतही शिकवतात, बाबा," कोरिन म्हणाली. "मी हायवेवर जाते."

"आणि तो पाण्यातला ट्रेडमिल?"

"तो मी तीन मिनिटं पाहिला," ती म्हणाली. "तुझे पाय सहा आठवडे बघतेय. ते सरळ कुणी करायचे?"

एक मेला त्यांच्या अंगणात, इथल्या पद्धतीप्रमाणे, मुलीच्या विद्यापीठाची पाटी लागली. व्हर्लिनने स्वतः ती रोवली, म्हणून ती उजवीकडे कलली आहे. तिच्या कोपऱ्यात काउंटीचा नारिंगी शिक्का आहे: तपासले, बरोबर.

सरकारी शिक्का खासगी कामाला वापरणं हा गुन्हा आहे. त्याच दिवशी व्हर्लिनने निरीक्षकाकडे, म्हणजे स्वतःकडे, स्वतःविरुद्ध लेखी तक्रार केली. आरोपीने गुन्हा कबूल केला. एकतीस वर्षांची निष्कलंक सेवा पाहून निरीक्षकाने त्याला केवळ तोंडी ताकीद द्यायचं ठरवलं, आणि ती जेवणाच्या टेबलावर देण्यात आली.

"काय म्हणालास?" बर्नडीनने ओट्याजवळून विचारलं. "परत सांग बघू, जरा मोठ्याने."