सोळा आकड्यांचा सूड

आमच्या गणिताच्या बाई कुणाला माफ करत नसत. पोरांनी उद्धटपणा केला तर मारणं नाही, ओरडणं नाही. नुसतं हसून "बघू" म्हणायच्या. पारनेरच्या त्या शाळेत छडीपेक्षा पोरं या "बघू"ला भ्यायची.

मी तिथे मराठी शिकवायला नुकतीच लागले होते, तेव्हाची गोष्ट. हेडसरांनी बाईंकडून दहावीचं गणित काढून स्वतःकडे घेतलं. भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "दहावी म्हंजी भाकरी थापनं न्हाई, बाई." सगळे हसले. बाईही हसल्या. मला तेव्हाच धसका बसला.

पुढे हेडसरांनी मैदानाच्या भिंतीवर रंगाऱ्याकडून एक संख्या लिहून घेतली: १२३४५६७८८७६५४३२१. खाली ओळ होती, "उलटसुलट कशीही वाचा, तीच. ही मूळ संख्या आहे, हिला कुणीही भाग देऊ शकत नाही." रंग ओला असतानाच बाईंनी ती वाचली आणि मला हळूच म्हणाल्या, "चुकलंय." मी म्हटलं, "मग सांगा ना सरांना!" "आत्ता? दोघा-तिघांसमोर?" त्यांनी पदर खोचला आणि वर्गावर गेल्या.

दोन वर्षं गप्प बसल्या. मग स्नेहसंमेलनाला शिक्षणाधिकारी आले. हेडसर त्यांना कौतुकाने भिंत दाखवत होते. मागे सगळी शाळा उभी. बाई पुढे झाल्या.

"साहेब, भाग देऊन दाखवू?"

एकाआड एक आकडे त्यांनी पोरांकडूनच मोठ्याने मिळवून घेतले. एकीकडे छत्तीस, दुसरीकडेही छत्तीस. "फरक शून्य, म्हणजे अकराने भाग जातो. आकडे मोजून सम भरले की अशा प्रत्येक उलटसुलट सारख्या संख्येला जातोच, कारण प्रत्येक आकड्याचा जोडीदार दुसऱ्या रांगेत सापडतो. आणि ही संख्या तर आठ वेळा एक लिहून होणारी संख्या गुणिले नऊ वेळा एक लिहून होणारी. सातवीची पोरंसुद्धा करतील."

हेडसर पुटपुटले, "रंगाऱ्याची चूक असंल."

"नाही सर. त्याने तुमचा एकही आकडा चुकवला नाही."

पोरं खदखदली. मलाही हसू आवरलं नाही, आणि छान वाटलं, खोटं कशाला बोलू! जूनमध्ये बाईंची बदली भंडारदऱ्याच्या बाजूला, संस्थेच्या शाखेत झाली. दहावी मिळाली नाही ती नाहीच.

काही वर्षांनी हेडसर अर्धांगाने अंथरुणाला खिळले. बाई एसटीने आल्या, मला सोबत घेऊन भेटायला गेल्या. सर अडखळत म्हणाले, "बाई, आता तरी सोडा की."

"सोडते. दहावी मला जमली असती, हे आधी स्टाफरूममध्ये म्हणा."

"बरा झालो की म्हनतो. चारचौघांत म्हनतो."

बाईंनी त्यांच्या उशाशी मोसंबी ठेवली.

महिनाभरात सर गेले. मातीहून परतताना बाई स्टँडवर थांबल्या. इतका राग त्यांच्या चेहऱ्यावर मी कधीच पाहिला नव्हता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्हणणार होता गं तो माणूस," त्या म्हणाल्या. "खरंच म्हणणार होता."