कवळीवाल्याचं विमान

माझ्या तोंडातले दात ह्यांनी केलेत, आणि ते मला लागतात. ह्यांच्या हातची कवळी लागली अशी तक्रार आजवर दुसऱ्या कुणी केलेली नाही. पण त्याचं नंतर सांगते, आधी विमानाचं ऐका.

हे म्हणजे माझा नवरा. बाजारात कवळ्या करायचं दुकान आहे. फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले, आणि त्यांच्यापुढे हे, डोळ्याला भिंग लावून, हातात बारीक कानस धरून बसलेले. बोट असं की केसाएवढा उंचवटा लगेच कळतो. बायकोच्या मनात काय आहे ते मात्र त्या बोटाला पस्तीस वर्षांत कळलं नाही.

लग्न होऊन आले तेव्हा सगळे म्हणाले, शांत माणूस मिळाला, नशीब काढलंस. डोंबलाचं नशीब! माणूस घरात असेल तर शांत म्हणायचा ना? हे असायचे विमानात. बाल्सा नावाचं एक हलकं लाकूड येतं, ते ब्लेडने कापायचं, काड्या काड्या जोडून सांगाडा करायचा, वर पातळ कागद ताणायचा आणि त्यावर डोप म्हणून एक वार्निश मारायचं. त्या वासाने माझं डोकं उठायचं. जेवायच्या टेबलावर महिना महिना पंख वाळत पडलेला, आणि आम्ही खाली बसून जेवतोय. मुलगी बोलायला लागली ती ‘हात लावू नकोस’ असं म्हणत. रोज तेच ऐकलं होतं बिचारीने.

माझी आई गेली तेव्हाची गोष्ट. तिला पोहोचवून घरी आलो. मी पायरीवर बसून रडतेय, आणि हे अंगणात उभे. बोट तोंडात घालून ओलं केलं, वर धरलं आणि म्हणाले, “वारा पडलाय गं आज.” आई कशाने गेली, तू जेवलीस का, काही म्हणजे काही नाही. मला कधी काही विचारायचंच नाही, हा ह्यांचा स्वभाव. त्या दिवशी मी मनाशी खूणगाठ बांधली, की आपणही न विचारता काही सांगायचं नाही.

पुढे मुलगी लग्न होऊन गेली आणि ह्यांना रानच मोकळं मिळालं. नऊ महिने खपून एक विमान केलं. वरून निळं, पोटाखाली साईसारखं पिवळसर. हिरड्यांना रंग द्यायचा तोच तीन केसांचा ब्रश घेऊन खिडक्या रंगवल्या. आत बसलेला वैमानिकसुद्धा काढला, त्याला मिशा काढल्या. मी म्हटलं, “तो तरी तुमच्याशी बोलतो का?” तर “हं” म्हणाले. पंखाखाली मुंगीएवढ्या अक्षरात घराचा पत्ता लिहिला आणि पुढे, ‘सापडल्यास कृपया आणून द्यावे.’

रविवारी गावाबाहेरच्या माळावर उडवायला नेलं. मी बरोबर, कारण विमान धरायला कुणीतरी लागतं. मी धरायचं, ह्यांनी पुढून रबराला पीळ द्यायचा, आणि सोडलं की तो पीळ पंखा फिरवतो. आता एक नीट ऐका. ह्या विमानांच्या शेपटीला सुताची एक वात बांधतात. सोडताना ती पेटवायची. जळत जळत ती एका रबराला तोडते, शेपूट वर उचलतं आणि विमान अलगद खाली येतं. वात पेटवली नाही आणि वर गरम हवा लागली, तर विमान घारीसारखं चढतच जातं. मग ते गेलंच.

त्या दिवशी हवा एकदम तापली. ह्यांना ते गालाला कळलं. “आत्ता! आत्ता!” म्हणत घाईघाईने पीळ दिला, माझ्या हातातून विमान घेतलं. काडेपेटी ह्यांच्या खिशातच होती. वात पेटलेली नव्हती. मला दिसलं. माझ्या नाकासमोर होती ती वात.

मला कुणी विचारलं होतं?

विमान चढलं. काय चढलं म्हणून सांगू! गोल गोल, वर वर, निळं होतं ते निळ्यात मिसळून गेलं. हे आधी लहान मुलासारखे हसत होते. मग ह्यांचा हात खिशाकडे गेला, काडेपेटी हाताला लागली, आणि चेहरा असा काही उतरला की मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात एक म्हातारा, काखेत विमान. पाण्याच्या टाकीवरचा पहारेकरी होता. टाकी म्हणजे माळापासून नऊ किलोमीटर, उगवतीला. “बाई, टाकीच्या गच्चीवर पडलं होतं. पत्ता वाचून आणलं,” म्हणाला. पुढचे दोन दात नव्हते त्याला, शब्द फसफसत होते. एका पंखाचं टोक तेवढं मोडलेलं, बाकी विमान धडधाकट. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला, आभार मानले. तो वळणावरून दिसेनासा झाला, आणि मी ते विमान मोडून अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातलं. ओली लाकडं होती, नेहमी अर्धा तास फुंकावं लागायचं. डोप लावलेला कागद असा भडकला की एका दमात सगळी पेटली. मिशावाला वैमानिक शेवटी गेला.

संध्याकाळी हे न्हाणीतून बाहेर आले आणि म्हणाले, “आज पाणी लवकर तापलं.” मी म्हटलं, “हं.”

त्यानंतर तीन वर्षं हा माणूस दर रविवारी विमान शोधायला जात होता. दुसरं केलं नाही. म्हणायचे, “ते कुठवर गेलं तेवढं कळलं पाहिजे. मोडलेलं मिळालं तरी चालेल.” जायचे मावळतीला, कारण तिकडे दिसेनासं झालं होतं. शेतं धुंडाळली, ओढे धुंडाळले, झाडांवर चढले, एकदा पडून मनगट मोडून घेतलं. मी डबा भरून द्यायचे. “जपून जा हो,” म्हणायचे, “सापडेल, धीर धरा.” टाकी उलट्या दिशेला, वर वारा फिरला असणार. मला वाईट वाटत नव्हतं का? पहिल्या पावसाळ्यात वाटलं थोडं, भिजून आले होते तेव्हा. पण तेव्हाही विचारलं नाही ना, की बाई तुला काय वाटतं, कुठे गेलं असेल?

मग एका रविवारी हे गेलेच नाहीत. ओसरीवर बसून पेपर वाचत राहिले. मी म्हटलं, सुटली एकदाची पीडा.

त्याच सुमारास माझे दात गेले. होते तेवढे सगळे काढले. हे म्हणाले, “तुझी कवळी मी करतो.” माप घ्यायला माझी हनुवटी हातात धरली, किती वर्षांनी धरली देव जाणे. मी लाजले, ह्या वयात! दोन महिने खपले. दात बघाल तर बघत राहाल. हिरड्यांवर तांबड्या शिरा काढल्या होत्या, त्याच तीन केसांच्या ब्रशने.

आणि पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. वर उजवीकडे काहीतरी टोचत होतं, तिळाएवढं. “होईल सवय,” म्हणाले. आठ दिवसांनी घासून दिलं, तर उजवीकडचं थांबलं आणि डावीकडे सुरू झालं. डावीकडचं घासलं, तर पुढे. दीड वर्ष हे असं चाललं होतं. मी दोष माझ्या हिरड्यांना देत होते.

परवा दुखणं असह्य झालं म्हणून दुकानातच गेले. बाकावर एक म्हातारा बसलेला, दात मोत्यासारखे, चणे खात होता. चणे! मला पाहून उठला. “बाई, ओळखलंत? टाकीवरचा मी. विमान दिलं होतं बघा तुमच्या हातात.”

मी दाराला धरलं.

तो आपला बोलतच राहिला. दीड-दोन वर्षांपूर्वी कवळी करायला आला, तर भिंतीवर त्या विमानाचा फोटो दिसला. “म्हटलं, हे तर मी घरी पोचवलंय, बाईंनी चहासुद्धा दिला! साहेबांनी सगळं विचारून घेतलं. कुठे पडलं, तोंड कुठल्या दिशेला होतं, कुठला पंख मोडला. आणि कवळीचे पैसेच घेतले नाहीत हो. काय दात केलेत, लोणी आहे लोणी!”

हे कानस चालवत होते. मान वर केली नाही. मग भिंग काढलं, खुर्ची पुसली आणि म्हणाले, “बस. उघड तोंड.”

मी बसले. उघडलं. ह्यांनी कवळी काढून घेतली, बोट फिरवलं. त्या बोटाला केसाएवढा उंचवटा कळतो. दोन वेळा घासून परत बसवली, तर आता टाळूला लागायला लागलं.

दुसऱ्याकडून दात करून घेता येतील मला. नाही घेणार. हल्ली रोज जेवताना हे समोर बसतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, “लागतंय का?” पस्तीस वर्षांत मला रोज विचारलेली अशी ही एकच गोष्ट. विमानाचं काय केलंस, हे विचारत नाहीत. विचारलं तर सांगेन, ओल्या लाकडांपासून मिशांपर्यंत सगळं सांगेन.

“नाही हो,” मी म्हणते, “लोणी आहे लोणी.” आणि पुढचा घास लागतं त्याच बाजूने चावते.