आजीचं गोंदण आणि डाग काढायचा आकडा

आधी ताईचं सांगते. भिलाईच्या सेक्टर सहाच्या मार्केटात आमचं व्हिडिओचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत ती कंप्युटरचे क्लास घेते. ती नसती तर मी केव्हाच ब्रह्मपुरीकडच्या गावी परतले असते.

नववीत शाळा सुटली आणि मामाच्या ओळखीनं मी इथं लागले. काम लग्नाच्या कार्टून-पत्रिका, म्हणजे चित्रं हलती करून केलेल्या व्हिडिओ-पत्रिका, करायचं. लोक लहान, पुसट चित्रं आणून देतात. ती मोठी आणि स्वच्छ करणारं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, आणि ते कसं बनवलं हेही कोणालाही उघडून पाहता येतं. सूचना मात्र इंग्रजीत. डाग किती काढायचे याचा त्यात एक आकडा असतो; मी आपली तो शेवटपर्यंत ओढून ठेवायचे. चित्र कसं धुतल्यासारखं निघायचं.

इथून जवळच बोरसीच्या एका घरी लग्न होतं. नवरदेवाच्या बहिणीनं कागदावर आजीचं चित्र काढलं होतं; ते हलतं करून रिसेप्शनला मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं. रिसेप्शनच्या दिवशी सकाळी नवरदेव आजीलाच घेऊन दुकानात आला. मी केलेलं चित्र आजीनं चष्मा पुसून पाहिलं.

"बाई तं माह्यावानीच हाये," ती म्हणाली, "पन इचं गोंदन कोनं खाल्लं?"

कपाळावरचे, हनुवटीवरचे हिरवे ठिपके सॉफ्टवेअरनं डाग समजून पुसले होते. नातू हसला, आजी नाही. असं उघडं तोंड चार लोकांत दाखवायचं नाही म्हणाली. दुकानाचे शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "शाम तक ठीक कर दे, नहीं तो कल से मत आना."

मी वर जाऊन ताईला सगळं सांगितलं. ताई बॅच सोडून खाली आली. सूचना वाचून मला मराठीत सांगत गेली.

"फुकट हाये म्हनून पुरा आकडा ओढाचा का वं?" ताई म्हणाली.

आकडा शून्यावर आणला. गोंदण आलं, पण कागदावरचे कणही मोठे होऊन आले. ताईनं खुर्ची ओढून आजीला माझ्या शेजारी बसवलं. आजी स्क्रीनवर बोट ठेवत गेली, हे माहं, हे नाही. जे तिचं नव्हतं ते मी हातानं पुसलं.

संध्याकाळी चित्र लागलं. मी कामावर राहिले. नवीन चित्र आलं की आता आधी विचारते, यातलं काय पुसायचं नाही.

ताई काही घेत नाही, चहासुद्धा नाही. पण तिच्या क्लासात शाळा सुटलेलं कोणी आलं, तर ताईनं नुसती हाक मारावी. त्याला मी शिकवीन. तेवढं तरी मी फेडणारच.