पटवारीजी, बाफले आणि आमचं डायव्हर्शन

आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि आमच्या घराण्याला आलेली पहिली सरकारी नोटीसही माझ्याच हुशारीमुळे.

घराणं म्हणजे फार मोठं समजू नका. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते एवढं नक्की. बाबांच्या मते घोड्यावर, आत्याच्या मते घोड्यामागे, खरारा घेऊन. फौज गेली, घोडे गेले, आणि आम्ही इंदूरमध्ये एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या भाड्याच्या घरात कूच करत राहिलो. बाबा पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. आयुष्यात त्यांनी एकच हट्ट केला. देपालपूरच्या बाजूला, एका गावाच्या कडेला, जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन ठेवला.

"रिटायर झालो की इथे आपलं घर," ते म्हणायचे. "भिंतीत खिळा ठोकायचा तर कुणाच्या बापाला विचारायचं नाही!"

(अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरमालकांना खिळ्याचा आवाज झोपेतही ऐकू येतो. अख्ख्या घरात आम्हाला एकच खिळा मंजूर आहे. त्याला कॅलेंडर.)

बाबा रिटायर झाले आणि घरमालक जिना चढून वर आले. "भाऊसाहब, मकान तोड़ के नया बना रहे हैं. अगली दिवाली तक अपना देख लो."

आता जमीन आमची, पण शेतीची. तिच्यावर घर बांधायचं तर आधी डायव्हर्शन लागतं. म्हणजे ही जमीन इथून पुढे गहू-सोयाबीनसाठी नाही, माणसांनी राहण्यासाठी आहे, हे सरकारने मान्य करायचं. तोपर्यंत एक वीट ठेवली तरी ती बेकायदा वीट!

"मनू बघेल सगळं," बाबा म्हणाले. "ग्रॅज्युएट आहे ती."

हे ते दूधवाल्यालाही सांगतात. मी बी.कॉम. आहे, आणि बी.कॉम.च्या कुठल्याच पेपरात डायव्हर्शन नव्हतं, हे मी घरी कधी सांगितलं नाही. अर्ज भरला. "कारण" या रकान्यात "पारिवारिक निवास" असं सुरेख हिंदीत लिहिलं. आणि वाट बघत बसले. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "काही आलं?" मी म्हणायचे, "प्रोसेसमध्ये आहे." प्रोसेस हा शब्द बाबांना आवडायचा. मला त्याची भीती वाटायची.

शेवटी एक दिवस पटवारीजींचा फोन आला. गावच्या जमिनीचा सगळा हिशेब ठेवणारा हा सरकारी माणूस, त्याच्या रिपोर्टवर आमचं घर उभं राहणार की नाही ते ठरणार!

"शनिवार दोपहर को मौका देखने आऊँगा, मैडम. घर का कोई मिलना चाहिए. और ज़मीन खाली मिलनी चाहिए, ये ध्यान रखना."

मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. मी फोन ठेवला आणि घरात बैठक बसली.

"शनिवारी दुपारी येणार म्हणजे जेवायच्या वेळेला," आई म्हणाली. "दाल-बाफले करू. शेतावर आलेल्या माणसाला काय नुसतं पाणी पाजून पाठवायचं?"

"आई! सरकारी माणूस आहे! जेवण दिलं तर लाच वाटेल!"

आई जरा विचारात पडली. मीही पडले. आणि इथेच माझ्या शिक्षणाने उसळी घेतली.

"एकट्याला वाढलं तर लाच वाटेल," मी म्हणाले. "पण आपले सगळे नातेवाईक जेवत असले, आणि त्यांच्यात तोही जेवला, तर ते साधं फॅमिली गॅदरिंग होईल."

"बघा!" बाबा आईला म्हणाले. "ग्रॅज्युएट आहे."

आईने आत्याला फोन केला. आत्याला फोन करणं म्हणजे अर्ध्या इंदूरला माईकवरून सांगणं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यांचं टेंट हाऊस आहे. ते म्हणाले, उन्हात पाहुणे कसे बसतील, एक छोटा शामियाना लावून देतो. मी म्हणाले, "आतोबा, जमीन खाली पाहिजे!" ते म्हणाले, "अरे बेटा, टेंट क्या बांधकाम असतं का? संध्याकाळी उचलला की जमीन परत खाली!" कायद्याने बरोबर वाटलं. मी हो म्हणाले.

शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा आतोबांची माणसं आधीच कामाला लागली होती. शामियाना होता. खुर्च्या होत्या, त्यांना सॅटिनचे बो होते. आणि रस्त्याच्या तोंडाशी लाल-सोनेरी कापडाचा गेट होता. वर थर्माकोलची दोन बदकं (आतोबांच्या मते हंस), आणि मध्ये भलीमोठी अक्षरं: शुभ विवाह.

"आतोबा! हे काय?"

"बाकीचे गेट बाहेर गेलेत ना बेटा, सीझन आहे. आणि गेट नसेल तर लोकांना आत यायचं कुठून ते कसं कळणार?"

चहूकडे मोकळं शेत! पण वाद घालायला वेळ नव्हता. मी घरून आणलेली चादर त्या अक्षरांवर टाकली आणि चार टाचण्या मारल्या. हवा पडलेली होती. म्हटलं, पडलेलीच राहू दे देवा.

इकडे बाबांनी वेगळंच काढलं होतं. पटवारीजींना समजावं म्हणून त्यांनी चुन्याने जमिनीवर आपल्या घराचा नकाशा आखला होता. हा हॉल, हे किचन, ही मनूची खोली. एकेका रेषेवर वाकून, कमरेला हात लावत, पण चेहरा असा की भिंती उभ्याच राहिल्यात. त्या रेषा बघून मला एक क्षण वाटलं, जमलं सगळं. मग नातेवाईक यायला लागले. त्यांनी चुन्याच्या रेषा बघितल्या आणि शहाण्यासारखे रेषांच्या आत गाड्या लावायला सुरुवात केली.

"अरे भिया, किचनमध्ये नको!" बाबा ओरडत पळाले. "ती स्कूटर बाथरूममधून काढ!"

गोवऱ्यांचा धूर निघाला. बाफल्याचे उकडलेले कणकेचे गोळे निखाऱ्यात गेले, तूप वितळलं, डाळीला फोडणी बसली. वास असा सुटला की बांधापलीकडचा बैलसुद्धा चरायचं थांबला. तेवढ्यात आत्याने मला शामियान्यामागे ओढलं आणि पर्समधून एक साडी काढली.

"नेस पटकन. देवासहून जाधव येतायत, मुलाला घेऊन."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुला बघायला! एवढं जेवण होतंच आहे, माणसं जमलीच आहेत, टेंट लागलाच आहे. परत वेगळा खटाटोप कशाला?"

"आत्या, आज पटवारी येतोय!"

"मग येऊ दे की. तो काय मुलगी बघायला येतोय? तो त्याचं काम करेल, आपण आपलं करू."

मी साडी नेसून, हातात बाफल्यांचं ताट घेऊन बाहेर आले. समोर जाधवकाका, जाधवकाकू आणि त्यांचा मुलगा निखिल. निखिलने नमस्कार केला. मी करणार तोच मोटारसायकलचा आवाज आला. पटवारीजी! आणि त्याच क्षणी, सकाळपासून पडलेली हवा उठली.

चादर गेली. ती उडाली आणि थेट बैलावर जाऊन पसरली. शुभ विवाह, बदकांसकट, भर उन्हात चमकायला लागलं.

पटवारीजींनी गाडी थांबवली. गेट वाचला. शामियाना बघितला, सॅटिनचे बो बघितले. मग खाली चुन्याच्या रेषांत लागलेल्या गाड्या बघितल्या आणि मान डोलावली.

"वाह. पार्किंग भी है."

"साहब, वो पार्किंग नहीं है, वो हमारा हॉल है!" मी ताटासकट धावले.

"हॉल भी है?" पटवारीजींनी पेन काढलं.

मी समजावायला लागले. चुना, नकाशा, आतोबांचा सीझन, सगळं. जितकं समजावलं तितकं त्यांनी लिहिलं. तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा एक ट्रॅक्टर थांबला आणि वरून आवाज आला, "काय भिया, मैरिज गार्डन कब खुल गया? हमारी बाई का ब्याव है, वैशाख की तारीख खाली है क्या?"

"खाली नहीं है!" मी किंचाळले.

"बुक हो गई," पटवारीजी पुटपुटले, आणि तेही लिहिलं.

आईने त्यांना हाताला धरून पंगतीत बसवलं, आणि मी हातातलं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. ते पोटभर जेवले. बाफला कुस्करून, वर तूप, वर परत तूप. मला वाटलं, चला, माणूस विरघळला. हात धुवून ते म्हणाले, "खाना बहुत बढ़िया. अब पंचनामा बना लेते हैं. दो पंच चाहिए, जो रिश्तेदार ना हों."

मी आजूबाजूला बघितलं. त्या अख्ख्या शेतात आमचे नातेवाईक नसलेली मोठी माणसं कोण? (ट्रॅक्टरवाला गेला होता, आतोबांची माणसंही टेंट लावून गेली होती.) जाधवकाका आणि निखिल!

जाधवकाका पूर्वी शाळेचे हेडमास्तर. त्यांनी चष्मा लावला. पटवारीजींनी विचारलं, "आप लोग यहाँ किस काम से आए हैं?"

मी काकांकडे बघून डोळ्यांनी विनवण्या केल्या. मान हलवली, भुवया उडवल्या. निखिल घाबरून जाधवकाकूंच्या मागे सरकला.

"मैं झूठ पर दस्तखत नहीं करता," जाधवकाका म्हणाले. "हम लड़की देखने आए हैं."

"मौके पर विवाह संबंधी कार्यक्रम होना पाया गया," पटवारीजींनी एकेक शब्द म्हणत लिहिलं. काकांनी सही केली. निखिलने सही केली. कागदावर तुपाचा एक गोल डाग पडला, एवढीच आमची त्यावरची निशाणी.

पुढच्या आठवड्यात दोन बातम्या आल्या. पहिली देवासहून: जाधवांचा नकार. कारण कळलं नाही, पण आत्या म्हणाली, जिथे जमिनीचं लफडं चालू आहे तिथे कोण मुलगा देणार? (ते लफडं त्यांच्याच सहीने झालेलं!) दुसरी बातमी पोस्टमनने आणली. शेतजमिनीवर विनापरवानगी मॅरेज गार्डन चालवल्याबद्दल खुलासा करा, तोवर डायव्हर्शनचा अर्ज थांबवला आहे.

बाबांनी नोटीस दोनदा वाचली. उठले आणि आमच्या एकुलत्या एका खिळ्यावरचं कॅलेंडर सरळ केलं, जे आधीच सरळ होतं. दूधवाला आला तेव्हा म्हणाला, "दीदी काही टेन्शनमध्ये दिसतायत." बाबा म्हणाले, "हं." एवढंच. मी ग्रॅज्युएट आहे हे त्यांनी त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला जेवण जाईना. खालून घरमालकांच्या इंजिनिअरने टेप लावून भिंती मोजल्याचे आवाज यायचे, आणि प्रत्येक आवाजाला बाबा दचकायचे.

मग मी ठरवलं. लाज नंतर, घर आधी! देवासला फोन लावला.

"मनीषाबेटा," जाधवकाका अवघडून म्हणाले, "तो विषय आता संपला आहे गं."

"काका, मला तेच लिहून हवंय!"

"अं?"

"लग्न जमलं नाही, हे तुम्ही सुनावणीला तहसीलदारांसमोर येऊन सांगा. तुम्ही खोट्यावर सही करत नाही ना? मग खऱ्यावर करा!"

माणूस सच्चा. सुनावणीला देवासहून स्वतः आले. मी, बाबा आणि ते एका बाकावर. समोर तहसीलदार मॅडम. त्यांनी पंचनामा वाचला, तुपाचा डाग उजेडात धरून बघितला, आणि मला विचारलं, "तो शादी हुई थी वहाँ?"

"नहीं मैडम."

"सगाई?"

"नहीं मैडम. सिर्फ़ देखने का कार्यक्रम था, वो भी मुझे पता नहीं था. और बात जमी नहीं."

"सबूत?"

मी जाधवकाकांकडे बोट दाखवलं. "ये."

काका उभे राहिले. "लड़की हमको पसंद नहीं आई," त्यांनी हेडमास्तरी आवाजात सांगितलं. बाहेरचे पक्षकार दारात डोकावले.

"क्यों?" मॅडमनी विचारलं. (याची कायद्याला काय गरज होती, ते मला आजही समजलेलं नाही.)

"मैडम, लड़की ने पूरा टाइम पटवारीजी से बात की. हमारे लड़के से एक शब्द नहीं बोली. हाथ में थाली थी, वो भी पटवारीजी को दे दी!"

सगळी खोली हसली. बाबू हसले, शिपाई हसला, मॅडमनी फाईल तोंडापुढे धरली. बाबा तेवढे हसले नाहीत. ते बाकाची कड घट्ट धरून मॅडमच्या पेनकडे बघत होते. मीही तिकडेच बघत होते.

मॅडमनी ऑर्डर सांगायला सुरुवात केली. आवेदिका के विवाह की बात मौके पर तय नहीं हुई, गवाह के अनुसार लड़की नापसंद की गई, अतः विवाह समारोह होना सिद्ध नहीं होता. नोटिस समाप्त. डायव्हर्शन मंज़ूर.

बाहेर आल्यावर बाबा जिन्यात थांबले. शिपाई मागून जात होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "भिया, ये मेरी लड़की है. ग्रॅज्युएट है."

घर झालं. चुन्याच्या रेषांवरच झालं, फक्त किचन जरा सरकलं. राहायला गेलो त्या दिवशी बाबांनी हातोडी घेतली, कुणालाही न विचारता हॉलच्या भिंतीत पहिला खिळा ठोकला, आणि त्यावर ती ऑर्डर लावली. चांगली फ्रेम करून, काचेखाली. मी नको नको म्हणत राहिले.

आता आत्या स्थळं इथेच आणते. पाहुणे सोफ्यावर बसतात, मी चहा घेऊन येते, आणि बाबा अभिमानाने भिंतीकडे हात करतात, "वाचा, वाचा! हे सगळं आमच्या मनूनेच मिळवलंय!" पाहुणे चष्मा लावतात, वाचतात, आणि चहा न पिताच उठतात.