एका गंजातलं जेवण

माझ्या बहिणीनं माझ्यासाठी कांडलेली कुटकी मी सहा वर्षं शेजारणीच्या कोंबड्यांना घातली. आणि त्याच सहा वर्षांत तिला पोस्टकार्डं लिहिली की, कुटकी फार चांगली निघाली, आम्ही सारे आवडीनं खातो. हे आधीच सांगून टाकतो. लिहिता लिहिता स्वतःची बाजू सावरून घ्यायची मला सवय आहे.

ऐंशी साली मी गाव सोडलं. वय एकतीस. चंद्रपूरच्या, आमच्या बोलीत चांद्याच्या, एका कचेरीत आवक-जावक कारकुनाची जागा मिळाली होती. खोलीचं जमेपर्यंत बायको आणि मुलगी गावीच राहणार होत्या. चामोर्शीची गाडी फाट्यावर थांबायची. तिथपर्यंत बाई माझ्यासोबत चालत आली. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. नवरा वारल्यामुळं बाई त्याच साली माहेरी परत आली होती. तिनंच मला वाढवलं, शाळेत घातलं. बाबांच्या मागं धानाचं वावर आणि त्याच्या वरच्या अंगाचा मुरमाड तुकडा तीच पाहत होती. त्या तुकड्यावर धान होत नसे. तिथं ती कुटकी पेरायची, भगरीसारखं बारीक भरडधान्य.

माझ्या हातात ट्रंक होती. तिच्या डोक्यावर जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं कुटकीचं गाठोडं, आणि त्यावर पालथा घातलेला जर्मनचा गंज. गंज म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं.

"हे कायले, बाई? तिथी सारं भेटते."

"भेटते, पण तुले रांधता कुठी येते?" ती म्हणाली. "आयक. ऑफिसातून आला का दोन मुठी कुटकी घे, मूठभर मुगाची डाळ घे. जे भाजी भेटन ते चिरून टाक. एकाच गंजात होऊन जाते. पण कुटकी तीनदा रोळजो. घाई करशीन त खडा दाताखाली येईन."

गाडी आली. कंडक्टरनं गाठोड्याला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "काय भाऊ, कोंबड्यायचा दाणा घेऊन चालले का चांद्याले?" गाडीतले लोक हसले. मीही हसलो. बाई खाली उभी होती. ती हसली नाही. तिनं फक्त गंज खिडकीतून आत दिला.

बाबुपेठेतली माझी पहिली खोली एवढी लहान होती की स्टोला पंप मारताना कोपर भिंतीला लागायचं. कचेरीतून यायला साडेसहा व्हायचे. पहिल्या आठवड्यात खानावळीत जेवलो आणि पोट बिघडलं. मग गाठोडं सोडलं. तेव्हापासून जवळजवळ वर्षभर, कामाच्या दिवशी, माझं संध्याकाळचं जेवण एकच होतं, आणि आजही मला ते करण्याचा सगळा क्रम हातानं आठवतो.

आधी कुटकी रोळायची. परातीत पाणी घेऊन दाणे हलवायचे आणि वरवरचे अलगद ओंजळीनं काढून घ्यायचे. खडे तळाशी राहतात. असं तीनदा. मग गंजात चमचाभर जवसाचं तेल, जिरं, ठेचलेला लसूण, उभा चिरलेला कांदा. त्यावर टमाटर, हळद, तिखट आणि अंबाडीची किंवा मेथीची जी जुडी मिळेल ती. भाजी बसली की डाळ आणि कुटकी, तिप्पट पाणी, मीठ. झाकण ठेवून स्टो बारीक करायचा. तोवर शर्ट धुऊन दोरीवर टाकायचा. शर्ट वाळत घालून येईपर्यंत पाणी आटलेलं असे आणि दाणा फुललेला. स्टो बंद करून पाच मिनिटं झाकण काढायचं नाही. मग त्याच गंजातून खायचं. घासायला एक गंज, एक पळी. पोट भरायचं, पण जड व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत सगळ्यांच्या आधी पोचायचो.

त्या वर्षी मला गावाची आठवण आली असं मी म्हणणार नाही. आठवण यायला वेळ नव्हता. पण झाकण काढलं की वाफेबरोबर जो वास यायचा तो आमच्या घरातल्या संध्याकाळचा होता, आणि तो आला की मला झोप लागायची.

पुढच्या वर्षी दोन खोल्यांचं घर मिळालं. माझी बायको सुमन आणि मुलगी आल्या. सुमनला कुटकी सोयीचीच वाटली. "तुमच्या बाईनं मायावर उपकारच केले," ती म्हणायची. एका संध्याकाळी आमचे हेडक्लार्क काही कागद घेऊन अचानक घरी आले. जेवायची वेळ होती, म्हणून बसवून घेतलं. सुमननं गंज मधे ठेवला.

"अरे वा, भगर! आज उपास वाटतं?" ते म्हणाले. मग ताटात पाहून म्हणाले, "पण यात तर कांदा-लसूण आहे." त्यांची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर गेली. "हो, तुमच्यात उपास नसतातच, नाही का." सुमन म्हणाली, भगर नाही, कुटकी आहे. "असं होय! आमच्याकडं धानकापणीला येणाऱ्या मजुरांना हेच रांधून द्यायचे. घरची माणसं कधी खात नसत. चव चांगली आहे हं." आणि त्यांनी दोनदा मागून घेतली.

माणूस वाईट नव्हता. ताटात एक दाणा ठेवला नाही त्यानं. पण मला ते दोनदा मागून घेणं दिसलं नाही, मजूर तेवढे ऐकू आले. आमच्या घरातली माणसं कोणाच्या तरी धानकापणीला गेलेली होती. बाई गेलेली होती. तिच्या त्या मजुरीवर मी मॅट्रिक झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी सुमनला सांगितलं, या घरात आता कुटकी शिजणार नाही.

"खाऊन त ते दोनदा गेले, अन् लागलं तुमालेच काऊन?" ती म्हणाली. मी उरलेलं गाठोडं शेजारच्या राजव्वाकडं नेऊन दिलं. राजव्वा सिरोंचाकडची, तेलुगू बोलणारी, आणि तिच्याकडं पंधरा-वीस कोंबड्या होत्या. तिनं मुठीत दाणे घेऊन पाहिले. "भाऊ, इतका साफ दाणा कोंबडीला? खराब झाला का?" मी हो म्हणालो.

मी तेव्हाच बाईला लिहायला हवं होतं की, कुटकी पाठवू नको. भात खातो म्हणून लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण बाईची पत्रं यायची, गावच्या मास्तरांच्या हातून लिहिलेली, आणि त्यात शेवटी नेहमी एक ओळ असायची: कुटकी सरली का. तिला वाईट वाटू नये म्हणून मी लिहिलं, सरत आली. मग एकदा लिहिलं, पोरगी मागून खाते. खोटं एकदा चांगलं वठलं की माणूस ते नटवतो. कुटकी रांधायचे दिवस म्हणून मी बुधवार आणि शनिवारसुद्धा ठरवून दिले. वर्षातून तीन-चारदा ओळखीच्या माणसाच्या हाती गाठोडं येत राहिलं, आणि मी अंधार पडला की ते राजव्वाकडं पोचवत राहिलो.

कुटकीचं कसं असतं, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. धान गिरणीत जातं. कुटकीचा दाणा इतका बारीक की आमच्याकडची कोणतीही गिरणी तो घेत नव्हती. ती उन्हात तापवायची, मातीच्या जात्यावर भरडायची, पाखडायची, मग उखळात कांडायची आणि पुन्हा पाखडायची. गाठोडंभर कुटकीमागं बाईचे चार-पाच दिवस जात. हे मला माहीत होतं. लहानपणी त्या मुसळाच्या आवाजात मी पाढे पाठ केले होते.

पंच्याऐंशी साली बाई चंद्रपूरला आली, उजवा खांदा दाखवायला. हात कानाच्या वर जात नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? तिनं मुसळ मारून दाखवलं. ते म्हणाले, हे बंद करा. ती चार दिवस आमच्याकडं राहिली. चारही दिवस मी भात करायला लावला. पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "आज बुधवार ना? कुटकी नाई रांधली?"

"संपली, बाई."

"बरं," ती म्हणाली आणि भात कालवला. ती गेल्यावर दोन महिन्यांनी गाठोडं आलं. नेहमीपेक्षा मोठं. मला हायसं वाटलं, की तिला काही कळलं नाही. तो खांदा माझ्या मनात आला का? आला. मी तो बाजूला सारला. हेही लिहून ठेवतो.

पुढच्या दीड वर्षात गाठोडी लहान होत गेली आणि मग बंद झाली. त्याच सुमारास मला घेरी येऊ लागली. रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा, जाडंभरडं खा, रात्री लवकर आणि हलकं जेवा. सुमन दवाखान्यातच हसली. "म्हणजे बाईचा गंज," ती म्हणाली.

मी बाजारात कुटकी शोधली. एका दुकानात मिळाली, निम्मा कोंडा आणि निम्मी रेती. स्वतः रोळली, दोनदाच. पहिल्याच घासाला खडा लागला. बाईला लिहावं म्हटलं, तर काय लिहिणार? पत्रांमधला मी दर बुधवारी आणि शनिवारी कुटकी खातच होतो. शेवटी रजा काढून गावी गेलो. मनात सारखं एकच: आता ही म्हणेल, गरज पडली तेव्हा आला.

दुपारी पोचलो. बाई ओसरीत बसली होती. साखरेचं सांगितलं तेवढ्यानं ती उठली आणि आत जाऊन डबा घेऊन आली. न भरडलेली कुटकी. ती तशी वर्षानुवर्षं टिकते. "हे शेवटची ठेवली होती तुह्यासाठी. थांब, आत्ता कांडून देतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'देते' नाही, 'देतो' म्हणतात. तिच्या तोंडून तो शब्द कित्येक महिन्यांनी ऐकला. तिनं दाणे घटकाभर उन्हात तापवले, डाव्या हातानं जातं फिरवलं, सुपात पाखडलं, आणि मग मुसळ उचललं. खांद्यापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. तिनं दात आवळले.

गप्प राहून ते गाठोडं मला आताही नेता आलं असतं. मी उठून मुसळ हातातून घेतलं. "बाई, मी तुही कुटकी खाल्ली नाई. सहा वर्षं. शेजारणीच्या कोंबड्यायले घातली."

"कांड," ती म्हणाली. "थांबू नको, दाणा थंडा होते."

मी कांडू लागलो. समोरची म्हातारी काकू कुंपणापाशी आली. "अगं माय, भाऊ कांडून राह्यला! सासुरवाशीण झाला का बाबू?"

"हो ना," बाई म्हणाली. "सासूबी खट भेटली."

काकू गेल्यावर ती म्हणाली, "मले मालूम होतं. दवाखान्याले आली होती ना, तवाच राजव्वानं सांगतलं. म्हणे, तुमीच का त्या दाणेवाली बाई? माया कोंबड्या तुमचं नाव घेऊन अंडे देते." ती हसली. खरोखर हसली.

"मंग धाडत काऊन राह्यली?"

"तू लिहित होता का पोरगी मागून खाते. मी म्हटलं, कोंबड्या खाऊन राह्यल्या त खाऊ दे. कधी एखाद्या दिवशी पोरगी मागन, तवा घरात नसली त?"

मी मुसळ मारत राहिलो. तळहाताला फोड आला. दिवस मावळायच्या आत दोघांपुरती कुटकी निघाली. मी तिला चुलीजवळ बसू दिलं नाही. तीनदा रोळली. चौथ्यांदाही रोळली. कांदा, लसूण, परसातली अंबाडी, डाळ. गंजावर झाकण ठेवून आम्ही दोघं वाट पाहत बसलो, आणि झाकण काढलं तेव्हा तो वास आला.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे चांद्याला, नागपूरला, आणखी कुठं गेलेत, त्यांना मी काही शिकवत नाही. माझं घर आता बाबुपेठेत आहे. मुलीची शाळा तिथं आहे, मरेपर्यंत मी तिथंच राहीन. पण आपण येऊ किंवा न येऊ, आपल्यासाठी कुणी दाणा राखून ठेवतं, ती जागा गावातच राहिली, आणि तिथं खोटं घेऊन जाता येत नाही.

बाईनं पहिला घास घेतला. सावकाश चावला.

"खडा नाई लागला," ती म्हणाली. "शिकला तू. आता काय त्या कोंबड्यायचं घेऊन बसला? जेव."

मी जेवलो नाही. कोंबड्यांची कबुली देणं सोपं होतं. ती अर्धीच होती, हे मला मुसळ मारतानाच कळलं होतं. राजव्वाला खोटं सांगितलं, बाईला खोटं लिहिलं, ते सगळं ज्या एका गोष्टीसाठी केलं ती अजून माझ्या तोंडून निघाली नव्हती. गाडीतले लोक हसले तेव्हा मीही का हसलो होतो, तीच ती गोष्ट.

"बाई," मी म्हणालो, "मले कुटकीची लाज वाटली नोहती. मले तुही लाज वाटली होती. माफ कर मले."