सायकलचा रंग काढला ती दुपार

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने तिची सायकल दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली फेकली. त्याआधी त्याने तिलाच त्या कठड्यावर वाकवून धरलं होतं. कारण एवढंच की भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तिला पॅकिंगचं काम मिळालं होतं आणि त्याला न विचारता तिने हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षात सायकल आडवी घालून माझ्याकडे जेसल पार्कला आली. ओठ फुटलेला. "पडले," म्हणाली. हे ती लग्न झाल्यापासून म्हणत होती. आमच्या मोठ्या काकांनी दोनदा बैठक बसवली, तिथेही तेच म्हणाली, आणि दोन्ही वेळा तिला नांदायला परत पाठवलं गेलं.

शनिवारी कामावर हजर व्हायचं होतं. नाही गेली तर जागा दुसरीला. पहाटेच्या पाळीला रिक्षा मिळत नाही, म्हणून सायकल हवीच. सायकलवाल्याने पुढच्या चाकाचा वाकलेला फोर्क बदलायचं कबूल केलं, पण फ्रेमला हात लावेना. "जॉइंट पे क्रॅक होगा तो कलर के नीचे नहीं दिखेगा. पूरा निकाल के लाओ. चलते-चलते टूटेगा तो दाँत रोड पे गिरेगा, मॅडम."

म्हणून गुरुवारी दुपारी आम्ही गच्चीवर, टाकीच्या बाजूला विटांवर फ्रेम ठेवली आणि पेंट रिमूव्हर फासला. वर निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली काळा. रंगाला भाजल्यासारखे फोड आले, की रंग खरवडायच्या लोखंडी पत्रीने ओरबाडायचा. एक थेंब माझ्या हातमोज्यात शिरला आणि मनगट पेटलं. लगेच नळाखाली धरलं. बहिणीला सांगितलं, मोज्यांशिवाय हात लावू नकोस.

तिला सांगायची गरज नव्हती, मोजे तिने आधीच चढवले होते. पण ती रंग काढत नव्हती, हाणत होती. लोखंडावर ओरखडे उठायला लागले.

"अगं, रंग काढ. सायकल सोलू नकोस."

"सोलू दे."

सीटखालच्या जोडावरचा काळा थर निघाला. खाली स्वच्छ लोखंड. पुढचे जोडही बघितले. चीर कुठेच नव्हती. वरच्या नळीवर रिमूव्हरचा शेवटचा हात दिला आणि फोड यायची वाट बघत बसलो.

"जय भीम, अक्का." तिचा नवरा गच्चीच्या दारात उभा होता.

"जय भीम. खाली बसा पाहुणे, चहा ठेवते."

"चहा नको. हिला न्यायला आलोय."

"मी येत नाही," बहीण म्हणाली.

त्याने दोन पावलांत तिचे केस पकडले आणि तोंड टाकीवर आपटलं. भुवई फुटली. पुन्हा आपटणार तोच मी त्याच्या हातावर पत्री मारली. कातडी उघडली. त्याने तिला सोडलं आणि माझ्या पोटात लाथ घातली. मी खाली बसले, श्वास येईना.

"सायकलवर जाणार काय कामाला? जा आता!" म्हणत त्याने दोन्ही हातांनी वरची नळी धरून फ्रेम उचलली आणि कठड्याकडे निघाला. तिथवर पोचला नाही. किंचाळला. फ्रेम आदळली. तळव्यांना रंगाचा लगदा चिकटलेला.

"ॲसिड! ॲसिड लावलंय!"

तो हात पँटवर चोळत होता, त्याने ते आणखी आत जातं. मी नळाकडे बोट दाखवलं, पण त्याला काही दिसत नव्हतं. बहिणीने त्याची मनगटं धरून त्याला ओढत नेलं, नळ पूर्ण सोडला आणि हात खाली दाबून ठेवले. "चोळू नका. धरून ठेवा." तिच्या भुवईतलं रक्त त्याच्या बाहीवर पडत होतं. तो तिला आईवरून शिव्या देत होता. आग कमी झाली तशी त्याने कोपराने तिला ढकललं आणि जिन्यावरून ओरडत उतरला, की बहिणी-बहिणींनी मिळून ॲसिड टाकलं.

ते काकांपर्यंत आमच्या आधी पोचलं. माझा फोन वाजला. "जावयावर ॲसिड? डोकं फिरलं का तुमचं?" मी तोंड उघडणार, तर बहिणीने फोन काढून घेतला.

"काका, मी बोलतेय. कोणी काही टाकलं नाही. त्याने माझं डोकं टाकीवर आपटलं, ताईला लाथ मारली, मग सायकल फेकायला उचलली. तिला रंग काढायचं औषध लावलेलं होतं. आणि याआधीही प्रत्येक वेळी त्यानेच मारलंय मला. मी खोटं सांगत होते."

काका म्हणाले, "बरं, बघू. रविवारी बैठक बसवतो. दोन्हीकडची माणसं बोलावतो. तू ये."

"बसा तुम्ही. रविवारी माझी ड्यूटी आहे."

तिने फोन माझ्या हातात दिला आणि ओढणी भुवईवर दाबायला घेतली. मी भिंतीला धरून उठले. "चल, आधी डॉक्टरकडे. टाके पडतील."

तिने ओढणी खाली केली. "नको. वाहतंय तोवर पोलीस ठाण्यात जाऊ."