चूक न काढलेला एक तास

आमच्या इमारतीत बातमी अशी की मावशीची आठवण गेली, म्हणून दर मंगळवारी तिला वाचनालयाच्या मागच्या खोलीत, स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांच्या गाण्याच्या गटात नेऊन बसवतात. साफ खोटं. तिची आठवण गेली असती तर आम्ही सगळे सुखात असतो. कुठल्या आतेभावाने कोणाच्या लग्नात कुठला सूर चुकवला, हे मावशीला अजून तोंडपाठ आहे. तो आतेभाऊ दारात आला की 'ये, बस' म्हणायच्या आधी ती त्याला तेच ऐकवते. गटात ती बसत नाही. गट ती चालवते. म्हणजे, हाकते.

जन्मभर शाळेत गाणं शिकवलेली बाई. खुर्च्यांचा गोल, मध्ये कीबोर्ड आणि त्यामागे ताठ मानेची मावशी. कोणी ओळ इकडची तिकडे केली की तिचा हात हवेत थांबायचा. "चुकलं! पर्रत!" तेही नाकातून. ज्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, त्यांच्याकडून बाईसाहेब दुसरं कडवं वसूल करायला निघालेल्या.

गटात एक शिंपीकाका आहेत. होडीचं एक जुनं गाणं त्यांच्या फार आवडीचं. पण पहिलं कडवं संपलं की दुसऱ्याकडे जाणं नाही, पुन्हा पहिलंच. एका मंगळवारी मावशीने त्यांना इतक्यांदा थांबवलं की ते उठले आणि सरळ बाहेर. काकू मागोमाग धावल्या, त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून तणतणत परत आल्या.

"बाई, घरी हे मला विचारतात, तुम्ही कोण? हे गाणं म्हणताना तेवढा माझा हात धरतात. पुन्हा थांबवलंत तर आम्ही यायचे नाही."

"अहो, पण चूक ती चूकच ना!"

"असू दे की! यांना काय परीक्षेला बसवायचंय?"

त्या रात्री भाजीत मीठ कमी होतं तरी मावशी बोलली नाही, तेव्हा आई घाबरली. जेवण आटोपता आटोपता मावशीने जाहीर केलं, "पुढच्या मंगळवारी एकदाही थांबवणार नाही."

"तू?" मी म्हटलं. "तू दाराच्या बेललासुद्धा बेसूर म्हणतेस."

"लाव पैज. हरेल त्याने सगळ्या गटाचे कप विसळायचे."

मी आनंदाने लावली. मंगळवारी मुद्दाम समोरची खुर्ची धरली. शिंपीकाकांनी काकूंचा हात धरून होडी पाण्यात सोडली. पहिलं कडवं. मग पुन्हा पहिलं. मावशीच्या मानेची शीर टरारली, ओठ आत गेले, नाकपुड्या फुलल्या. दूध उतू जायच्या बेतात! पुन्हा पहिलं. हात थबकला. मी पुढे सरकले. पण तो हात निमूटपणे पट्ट्यांवर उतरला आणि काकांच्या मागे मागे चालू लागला. एव्हाना ते कडवं सगळ्या गोलाला येत होतं; कोपऱ्यातल्या, एरवी नुसत्या झोपणाऱ्या आजीसुद्धा पायाने ताल धरून बसलेल्या. होडी काठाला लागत नव्हती आणि कोणाला घाईही नव्हती.

मधेच शिंपीकाका थांबले. मावशीकडे बोट करून म्हणाले, "बाई, तुमचं चुकतंय. वाजवणं मागे पडतंय. परत घ्या!"

मावशीला 'चुकलं' म्हणणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तिचा चेहरा असा झाला, जणू कोणी तिची कवळी मागितली.

"हो का?" ती म्हणाली. "घेते हं परत."

आणि घेतलं. काकूंनी तोंड दुसरीकडे वळवलं, पण हात काही सोडवून घेतला नाही.

मी कप विसळत होते तेव्हा मावशी शेजारी येऊन उभी राहिली. तासभर कोंडून ठेवलेलं सगळं तिने माझ्यावर काढलं: कपाचा कान घासला नाहीस, बशी अशी ठेवतात का, आणि ती शीळ घालतेस ना, ती बेसूर आहे.